ओव्हरड्राइव्हचं किट: आवाज झकास, पण दिव्याचा ‘टप्प’ काढावा लागला

लेकीच्या गॅदरिंगसाठी ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध गिटार पेडलच्या धर्तीचं ओव्हरड्राइव्हचं (गिटारचा सूर जाड, खरखरीत करणाऱ्या पेडलचं) किट मागवलं आणि दोन संध्याकाळी बसून जोडलं. बोर्ड जाड आहे, पार्ट पूर्ण आले, सूर वाढवणाऱ्या ४५५८ चिपला सॉकेटसुद्धा दिलंय. आवाज तर फारच आवडला. गेन, म्हणजे सूर किती वाढवायचा तो नॉब, निम्म्यावर ठेवला तरी तार नुसती छेडली की सूर भरून येतो.

पण फूटस्विच दाबला की ॲम्पमधून ‘टप्प’! हळुवार कडवं संपून ध्रुवपदावर यायचं, नेमकं तेव्हाच. लेक म्हणाली, “बाबा, हे हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल.”

मूळ पेडलमध्ये आवाजाची वाट एफईटी (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) बदलतात, बटण फक्त इशारा देतं. किटमध्ये त्याजागी नऊ पायांचा थ्रीपीडीटी, म्हणजे तीन स्विच एकत्र असलेला स्विच आहे. त्यातल्या दोन रांगा आवाजाच्या, तिसरी एलईडीची, म्हणजे पेडल चालू असल्याचं दाखवणाऱ्या दिव्याची.

आधी इनपुट-आउटपुटला १ मेगोहमचे रेझिस्टर आहेत का ते पाहिलं, कारण ते नसले तरी असा ‘टप्प’ येतो. होते. मग एलईडीची एक वायर सोडवून स्विच दाबला. स्विचचा खटका तेवढा आला, ॲम्प गप्प. म्हणजे दुखणं दिव्याचंच. किटमध्ये त्याला १ किलोओहमचा रेझिस्टर दिलाय, त्यामुळे दिवा लागताना एकदम ७ मिलिॲम्पियर ओढले जातात. सप्लायला बसलेला तो हिसका गेनमधून मोठा होऊन बाहेर पडतो.

एलईडीला समांतर कपॅसिटर (वीज साठवणारा पार्ट) लावून पाहिला, काही उपयोग झाला नाही. दिवा हळू उजळला, पण सप्लायवरचा धक्का होता तसाच राहिला. मग पुण्यातल्या तापकीर गल्लीतून २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. ९ व्होल्टकडून पहिला रेझिस्टर, मग दुसरा, मग एलईडी. आणि दोन रेझिस्टरांच्या मधल्या जोडावरून कपॅसिटर ग्राउंडला. आता दिवा लागतो तेव्हा पहिला घोट कपॅसिटर पुरवतो आणि सप्लायवर भार सावकाश चढतो. करंट दीड मिलिॲम्पियरच्या आसपास आला, तरी लाल दिवा उजेडात स्पष्ट दिसतो. एलईडीची वायर इनपुटच्या वायरीला चिकटून जात होती, तीही डब्याच्या दुसऱ्या कडेने फिरवली. रात्री ॲम्प मोठा करून वीसेक वेळा स्विच दाबला, ‘टप्प’ नाही.

विक्रेत्याला फोटोसकट कळवलंय, एवढे तीन पार्ट किटमध्येच द्या म्हणून. पाचपैकी चार गुण. सोल्डरिंग येत असेल तर बिनधास्त घ्या. पहिल्यांदाच जोडणार असाल आणि लगेच स्टेजवर वाजवायचं असेल, तर हे किट घेऊ नका.