सर्टिफिकेट खरं, माल खोटा

जळगाव एमआयडीसीत माझा चटईचा छोटा कारखाना आहे. चटईला रंग येतो तो मास्टरबॅचच्या, म्हणजे रंग घातलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांनी. दोन वर्षांपूर्वी मुंबईचा एक व्यापारी आला. म्हणाला, "भाऊ, व्हिएतनामचा माल देतो. आसियान करारात बसतो, ड्युटी वाचेल. वाचली त्यातली निम्मी तुमची, निम्मी माझी." आसियान करार म्हणजे व्हिएतनामसारख्या आग्नेय आशियाई देशांशी भारताचा व्यापार करार; तिथे बनलेल्या मालावर आयात ड्युटीत सवलत मिळते. माल तिथलाच असल्याचं सर्टिफिकेट धरून कागद सगळे तोच करणार होता. आयात मात्र माझ्या आयईसी नंबरावर, म्हणजे आयात-निर्यातदाराच्या सरकारी क्रमांकावर. इथेच मी मेलो.

पहिल्या कंटेनरची गोणी फोडताना आमचा अमळनेरकडचा कामगार म्हणाला, "दादा, आठे काय लिखेल शे?" स्टिकरखाली दुसरं स्टिकर, त्यावर चिनी अक्षरं. फोन केला, तर व्यापारी हसला. "गोण्या तिकडून येतात हो." लग्नसराईच्या ऑर्डरी अंगावर होत्या, मी ते मानून घेतलं.

मग कस्टमचं पत्र आलं. कच्चा माल कुठला, व्हिएतनाममध्ये त्यावर काय प्रक्रिया झाली, तिथे मूल्य किती वाढलं? उत्तराला 10 कामकाजाचे दिवस. या करारात साधारणपणे किमान 35 टक्के मूल्य करारातल्या देशांतलं लागतं, शिवाय बाहेरच्या कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) पहिल्या सहा अंकांत वेगळा असावा लागतो. नुसतं मिसळून, गोण्या बदलून, लेबल लावून माल व्हिएतनामचा होत नाही. ही माहिती 2020च्या कॅरोटार नियमांप्रमाणे (करारातली सवलत मागणाऱ्या आयातदारांसाठीचे कस्टमचे नियम) 'फॉर्म 1' मध्ये आयातदाराने आधीच जवळ ठेवायची असते, पाच वर्षं सांभाळायची असते. मी तो फॉर्म कोराच सही करून व्यापाऱ्याच्या माणसाकडे दिला होता!

"सर्टिफिकेट आहे ना साहेब," एवढंच मला बोलता आलं. कस्टम कायद्याचं कलम 28डीए वाचलं तेव्हा कळलं, सर्टिफिकेट दाखवलं म्हणून आयातदाराची जबाबदारी सुटत नाही. पुढे पडताळणीत सर्टिफिकेट अस्सलच निघालं, पण निर्यातदाराने तिथे दिलेली माहिती खोटी. माल चीनचा, व्हिएतनाममध्ये फक्त गोणी बदललेली. सवलत गेली. फरकाची ड्युटी आणि व्याज मिळून चार लाखांवर भरले, दंडाचं प्रकरण अजून चालू आहे.

व्यापारी म्हणतो, "आयातदार तुम्ही, मी फक्त गाठ घालून दिली." कागदावर त्याचं म्हणणं खरं आहे, हेच जास्त झोंबतं.

आता मी माल निघायच्या आधी कच्च्या मालाची बिलं आणि प्रक्रियेचा तपशील मागतो. विकणारा देत नसेल तर पूर्ण ड्युटी भरून माल घेतो. मागच्या आठवड्यात धुळ्याच्या एका पाइपवाल्या मित्राचा फोन आला. त्यालाही कुणीतरी म्हणालंय, निम्मी तुमची, निम्मी माझी.