मकिटाचा ट्रिमर: नवख्या हाताला बरा

सागवानी फळ्यांच्या कडा मारायला मी मकिटाचा आरटी ०७०० ट्रिमर वापरतो, म्हणजे कडा कापून आकार देणारं हातातलं विजेचं मशीन. ७१० वॅट, मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे. बटण दाबल्यावर हळू उठतो, हाताला झटका बसत नाही. म्हणून कामावरच्या नव्या पोरांच्या हातात मी हाच देतो. बिट, म्हणजे फिरणारं पातं, बदलताना आधी प्लग काढायचा. बिट कोलेटच्या, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीच्या, भोकात तळाला टेकवून दोनेक मिलिमीटर वर घ्यायचा, मगच कोलेट आवळायचा. कड तुमच्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडेच चालवा. उलटा नेलात तर मशीन हातातून पळतं. कडेवरून एकदा नेताना तीन मिलिमीटरच्या वर लाकूड खाऊ नका, कड फुटते. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. आणि एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, धुळीमुळे मास्कशिवाय मी कुणालाच हात लावू देत नाही.