मुक्त दोलनांसाठी नोंद कुठली घ्यावी: सुपरकंडक्टिंग ग्रॅव्हीमीटर की एसटीएस-१?

मोठ्या भूकंपानंतर सगळी पृथ्वी कित्येक दिवस थरथरत राहते; हीच तिची मुक्त दोलनं. त्यावरून तिच्या पोटातली घनता किंवा कडकपणा काढायला बसणार असाल, तर आधी मोड, म्हणजे थरथरण्याची कुठली ठरावीक तऱ्हा पाहायची, ते ठरवा. यंत्र त्यावरूनच ठरतं. १ मिलिहर्ट्झच्या (हजार सेकंदांत एक फेरा) खालचे मोड हवे असतील तर ग्रॅव्हीमीटर, म्हणजे गुरुत्वातला बदल मोजणारं यंत्र; त्याच्या वरचे किंवा टॉरॉइडल (पृथ्वीला आडवं पिळणारे) मोड हवे असतील तर एसटीएस-१ हा भूकंपमापक.

खालच्या मोडांसाठी एवढा आटापिटा का? ०एस२ हा सर्वांत संथ ठळक मोड. यात पृथ्वी आळीपाळीने लांबोळकी आणि चपटी होते आणि एका फेऱ्याला सुमारे ५४ मिनिटं लागतात. इतक्या संथ हालचालीत गुरुत्वाचा वाटा मोठा असतो, म्हणून घनतेची खबर इथेच मिळते. लहरींच्या प्रवासवेळा वेग सांगतात. घनता थेट सांगत नाहीत.

ग्रॅव्हीमीटरमध्ये निओबियमचा साधारण २.५ सेंमीचा पोकळ गोळा सुमारे ४ केल्विनला चुंबकीय क्षेत्रात तरंगत असतो. स्प्रिंग नसल्यामुळे शून्यबिंदू वर्षाला जेमतेम काही मायक्रोगल (एक मायक्रोगल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचा सुमारे अब्जावा भाग) सरकतो. २००१च्या पेरू भूकंपानंतर २एस१ हा मोड पहिल्यांदा दिसला तो याच यंत्रांच्या नोंदींत. अडचण एवढीच की तो फक्त उभी हालचाल मोजतो आणि अशी यंत्रं जगभरात मोजकीच आहेत.

एसटीएस-१ची स्थानकं मात्र जगभर पसरली आहेत. मोडांच्या विभाजनावरून, म्हणजे एक मोड जवळजवळच्या वारंवारतांच्या रेषांत फुटण्यावरून, प्रावरणातला इकडचा-तिकडचा फरक काढायचा असेल, तर हा विस्तार लागतोच. तिथे आमचा कौल निःसंशय भूकंपमापकाला. त्याची मर्यादा ३६० सेकंदांच्या आवर्तकाळाशी आहे. त्यापलीकडे प्रतिसाद (जमिनीच्या हालचालीला यंत्र किती दाद देतं ते) आवर्तकाळाच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो, म्हणजे ०एस२ला तो जवळपास ८० पट कमी असतो. अख्ख्या नोंदीला त्या प्रतिसादाने भागलं, तर तापमानाचा हळूहळू चढणारा कल ८० पटींहूनही जास्त फुगतो आणि मोड त्यात बुडतो. म्हणून आधी भरती-ओहोटी आणि कल काढा, विंडो लावा (नोंदीची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा), मग फूरियर रूपांतर करा (नोंद वारंवारतांत मोडून घ्या) आणि प्रतिसादाची दुरुस्ती फक्त हव्या त्या अरुंद पट्ट्यात करा.

टॉरॉइडल मोडांना आडवे घटक लागतात आणि खरा त्रास तिथेच आहे. हवेचा दाब बदलला की जमीन किंचित कलते आणि गुरुत्वाचा अंश आडव्या नोंदीत शिरतो. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट वेधशाळेची यंत्रं जुन्या खाणीत हवाबंद दारांमागे आहेत, ती याचसाठी. अशा जागेचीच आडवी नोंद निवडा.

उभ्या नोंदीलाही, मग ती कुठल्याही यंत्राची असो, हवा सोडत नाही. दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की गुरुत्व सुमारे ०.३ मायक्रोगलने घटलेलं दिसतं. वरची हवा गोळ्याला वर ओढते, हे त्याचं मुख्य कारण. तेव्हा त्याच स्थानकाची बॅरोमीटरची नोंद घ्या, तिला हा गुणांक लावा आणि वजा करा. १ मिलिहर्ट्झच्या खाली गोंगाट स्पष्ट उतरतो, वर फारसा फरक पडत नाही.

नोंद किती लांब घ्यावी? पृथ्वीच्या फिरण्यामुळे ०एस२ पाच रेषांत फुटतो. शेजारच्या दोन रेषांतलं अंतर सुमारे ०.००४७ मिलिहर्ट्झ, म्हणजे त्या वेगळ्या पडायला किमान ६० तास लागतात. हान विंडो लावली की रेषा रुंदावते, म्हणून १२० तास धरा. मध्ये खंड किंवा काटा (क्षणिक खोटी उसळी) राहिला तर या पाच रेषांच्या बुडाशी खोटी शिखरं उगवतात.

भूकंपही तसाच हवा: ०एस२साठी ८च्या वरचा, शक्यतो २००४च्या सुमात्रासारखा. किल्लारीच्या १९९३च्या ६.२च्या भूकंपात हे मोड शोधण्यात अर्थ नाही.

दोन्ही यंत्रांच्या नोंदी मिळाल्या तर ०एस० पाहा. सुमारे २०.५ मिनिटांच्या या मोडात पृथ्वी सगळीकडे जवळपास सारखीच फुगते-आकसते आणि मोठ्या भूकंपानंतर तो काही आठवडे टिकतो. ग्रॅव्हीमीटरचं कॅलिब्रेशन निरपेक्ष गुरुत्वमापकाशी ताडलेलं असतं, म्हणून त्याचा आकडा प्रमाण माना. जे भूकंपमापक याहून स्पष्टपणे वेगळा आयाम दाखवेल, त्याची नोंदवलेली संवेदनशीलता चुकीची असणार. क्षीणनाचा (मोड किती लवकर विझतो याचा) हिशोब करताना ते स्थानक वगळा.