सात महिने वापरलेला पितळी रेग्युलेटर आणि त्याचा न दिसणारा काटा

काट्याचं आधी सांगतो, कारण सात महिने त्यानेच माझं डोकं खाल्लंय. आमच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कॅम्पग्राउंडच्या नळाचं पाणी घेताना हा रेग्युलेटर त्याचा दाब कमी करतो. तसा उत्तम, पितळी, हातात घेतला की पैसे दिल्यासारखं वाटतं. पण वरची काट्याची डबी जेमतेम दीड इंचाची आणि तिच्यात 0 ते 160 पीएसआय (दाबाचं माप) कोंबलेले. मला हवे असतात 45. आता 45 आणि 50 मध्ये काट्याच्या जाडीएवढीच जागा. त्यात कॅम्पग्राउंडचा नळ गुडघ्याच्या खाली. म्हणजे रोज चाळिशीचा चष्मा लावायचा, खडीवर गुडघे टेकायचे आणि त्या खांबाला दंडवत घातल्यासारखं वाकून बघायचं. शेजारच्या गाड्यांमधले लोक हसून हात करतात.

घेतला का, ते ऐका. आधी माझ्याकडे दहा डॉलरचा नळीसारखा रेग्युलेटर होता. काटा नाही, स्क्रू नाही, दाब कारखान्यातूनच ठरलेला. त्याने शॉवरची पार करंगळीएवढी धार केली. एप्रिलमध्ये कोलोरॅडोत डोंगराच्या पायथ्याशी उतरलो होतो, वैतागून तो काढून ठेवला. शॉवर काय मस्त आला! रात्री अडीचला आई (सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती) म्हणाली, "अरे, मोरीत पाणी साठलंय का? पाय भिजले माझे." कमोडच्या मागचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह तडकला होता आणि पाणी गालिच्याखालून पार ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेलेलं. सर्व्हिसवाल्याने व्हॉल्व्हचे थोडे आणि "तपासणी"चे भरपूर लावले. तेवढ्यात पितळी चार आले असते.

सकाळी शेजाऱ्याच्या मीटरने नळ मोजला तर 110. टाकी वर डोंगरात. दर दहा मीटर उंचीला साधारण 14 पीएसआय वाढतात, हिशेब सरळ आहे. शिवाय रात्री सगळे झोपले की कुणाचा नळ चालू नसतो, मग दाब आणखी चढतो. गाडीचा स्वतःचा पंप 50च्या आसपास चालतो, सगळं त्याच हिशेबाने बसवलेलं. पाइप सहसा फुटत नाही, मरतात ते जोड आणि प्लास्टिकचे व्हॉल्व्ह. जन्म गेला नळाला पाणी येत नाही म्हणून बोंबलण्यात, आणि इथे ते फार जोरात येतं म्हणून मी पस्तीस डॉलर मोजले. आईला हे अजून पटलेलं नाही.

मे महिनाभर मी खूश. स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो, डावीकडे कमी. धार जुन्यापेक्षा कितीतरी बरी. मग जूनमध्ये युटात मोआबला गेलो आणि मत फिरलं. सकाळी 45 वर लावलेला काटा दुपारी दोनला 85 वर! एकही नळ चालू नाही. म्हटलं, गेला, आतून दाब सोडतोय. विक्रेत्याला मेल केला. त्यांनी व्हिडिओ मागितला. पाठवला, तर उत्तर आलं की परत करायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली. पहिला, एका ताऱ्याचा रिव्ह्यू मी त्या रात्री रागाच्या भरात लिहिला होता. तो काढून टाकलाय, कारण चूक माझी होती.

झालं काय, बायकोने तांदूळ धुवायला नळ सोडला आणि काटा झपकन 45 वर आला. रात्रभर तिथेच राहिला. रेग्युलेटर खराब असता तर रात्रीही चढला असता ना? भानगड होती बाहेरच्या होजची, म्हणजे नळापासून गाडीपर्यंतच्या लांब नळीची. एका टोकाला रेग्युलेटर बंद, दुसऱ्या टोकाला गाडीचा पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, मध्ये पंचवीस फूट पाणी कोंडलेलं आणि वर मोआबचं ऊन. तापलेलं पाणी फुगून जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी होज गाडीखाली सरकवला, उरलेल्यावर जुना टॉवेल टाकला. दुपारी 55. गिझर तापतानाही गाडीच्या आत हेच होतं, आणि त्यावर नळावरचा रेग्युलेटर काही करू शकत नाही, त्याला बोल लावू नका.

आणखी दोन-तीन गोष्टी. नळालाच लावा, गाडीच्या तोंडाशी नको, नाहीतर होज फुटेल. फिल्टर त्याच्यानंतर. आतली जाळी महिन्याला धुवा. ऑगस्टमध्ये धार बारीक झाली म्हणून मी पुन्हा विक्रेत्यावर चिडलो होतो, निघाली चिमूटभर वाळू. जिथे मुळात 35 येतंय, तिथे हा 45 करून देणार नाही. आणि थंडीत रात्री काढून आत घ्या, आत उरलेलं पाणी गोठलं की डबी तडकते. आमचा जुन्या मोज्यात झोपतो.

पाचपैकी चार. एक तारा काट्याचा कापलाय. तो बदलता येतो म्हणे, म्हणून 0 ते 100 वाला मागवलाय, बारा डॉलरला, आणि तो टपालात कुठेतरी नेब्रास्कात अडकलाय. तोवर खडीवर गुडघे आहेतच.