कॉलेज रोडवरचा इंग्रजीचा क्लास : फाइल घरी ठेवा, शनिवार चुकवू नका

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा फाइलसाठी कापला, अर्धा पार्किंगसाठी. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मॅडमशी माझं अजून बोलणं आहे.

मी नाशिकला सिडकोत राहते. खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आठ वर्षं स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचं ठरवलं तेव्हा कळलं की तिथली नर्सिंग कौन्सिल आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हीत ७ बँड (म्हणजे नऊपैकी गुण) मागते, लिहिण्यात ६.५. या कौन्सिलचं लघुरूप एनएमसी, आणि आमच्या नाशिक महापालिकेचंही तेच. घरी म्हटलं, एनएमसीला सर्टिफिकेट द्यावं लागेल, तर आई म्हणाली, ‘घरपट्टी तर मागच्याच महिन्यात भरली ना गं?’

पहिल्यांदा क्लास न लावता परीक्षा दिली. वाचण्या-ऐकण्यात निभावलं, बोलण्यात ६ आले. राग याचा आला की मी मुकी नाही. रात्रपाळीत दोन पेशंटचे नातेवाईक, एक रेसिडेंट डॉक्टर आणि वाजत असलेला व्हेंटिलेटर एकाच वेळी सांभाळते. पण समोर बसून कोणी इंग्रजीत ‘तुम्हाला मैत्रिणींशी चॅट करायला आवडतं का?’ विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून हा क्लास लावला. आठ आठवडे, ९,५०० रुपये, दोन हप्ते चालतात. बॅच संध्याकाळी साडेसहाला.

फाइलचं आधी सांगते. पहिल्याच दिवशी ६०० रुपये वेगळे घेऊन जाडजूड स्पायरल फाइल हातात देतात. विषयवार तयार उत्तरं. गाव, घर, हवामान, पाऊस, संगीत, आणि ‘चॅटिंग विथ फ्रेंड्स’. त्या पानावरचं पहिलं वाक्य अजून पाठ आहे : ‘चॅटिंग प्लेज अ व्हायटल रोल इन अवर हेक्टिक लाइफ.’ आठवडाभरानं सरांनी सराव घेतला तर आम्ही अकराच्या अकरा जणांनी हेच वाक्य म्हटलं. अकराव्याचं होईपर्यंत हेक्टिक लाइफ कोणाचंच उरलं नव्हतं, नुसती प्रार्थना चालू होती. पाठांतर परीक्षकाला लगेच कळतं आणि त्यानं मार्क कमीच होतात. मग ही फाइल विकायची कशाला, हा प्रश्न मी सरांना विचारला. ते म्हणाले, ‘पालकांना मटेरियल लागतं.’ मी एकतीस वर्षांची आहे.

आता मॅडम. बुधवारी आणि शनिवारी त्या घेतात, आणि साडेतीन तारे आहेत ते त्यांचेच. पहिल्या बुधवारी त्यांनी मला तोच चॅटिंगचा प्रश्न विचारला. मी व्हॉट्सॲपवर सुरू झाले : ग्रुप किती, स्टेटस कोण टाकतं, ब्लू टिक. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, समोरासमोर चॅट करायला आवडतं की ऑनलाइन? मी गप्पच. समोरासमोर चॅट कसं करतात? आपल्याकडे चॅटिंग म्हटलं की ते मोबाइलवरच, बोटांनी. तोंडानं करतो त्या गप्पा. मॅडम हसल्या. म्हणाल्या, इंग्रजीत चॅट म्हणजे आधी गप्पाच, मोबाइल त्यात नंतर आला. ‘आता सांग, गप्पा कुठे मारतेस?’

हे कळलं आणि माझं अर्धं कोडं सुटलं. कारण गप्पांबद्दल मला सांगण्यासारखं खूप होतं. रात्रपाळी सुटली की आम्ही तिघी-चौघी गेटसमोरच्या टपरीवर उभ्या राहतो. कटिंग, क्रीमरोल आणि रात्रीचा हिशेब : कोणत्या पेशंटनं सलाइन उपटलं, कोणाच्या सासूचा फोन आला, पुढच्या आठवड्याचं ड्युटी रोस्टर कोणाच्या वशिल्यानं बदललं. मॅडम म्हणाल्या, हेच इंग्रजीत सांग, फाइल मिटून. मोडकं-तोडकं सांगितलं. वशिल्याला शब्द सापडेना तर ‘ही नोज द मेट्रन’ म्हटलं. मॅडमनी ते तसंच ठेवायला लावलं.

त्यांची पद्धत साधी आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून दोन मिनिटं बोलायचं आणि मग स्वतःचं स्वतः ऐकायचं. हे ऐकणं म्हणजे शिक्षाच. दोन मिनिटांत मी नऊ वेळा ‘ॲक्च्युअली’ म्हटलं होतं आणि चार वेळा चक्क ‘म्हणजे’. मार्क चार गोष्टींना सारखेच असतात : न अडखळता जोडून बोलणं, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. तुमचं मत किती थोर आहे याला मार्क नाहीत, हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं. उच्चारांत साहेबी ढब लागत नाही, समोरच्याला कळलं पाहिजे. तिथे आपली मराठी जीभ कुठे दगा देते हे मॅडमना नेमकं माहीत आहे. इ आणि ई आपण लिहिताना वेगळे काढतो, बोलताना फारसा फरक करत नाही, म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ आमच्या तोंडी एकच. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ यांत ओठ वेगळे हलतात, हे त्यांनी आरसा हातात देऊन दाखवलं. द्राक्षाच्या गावात राहून हे दोन शब्द मी आयुष्यभर एकच म्हणत आले होते. व्याकरणात ‘आय हॅव’ऐवजी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ तर अख्ख्या बॅचचं होतं.

शनिवारी स्पोकनची साधी बॅच आणि आमची बॅच एकत्र बसवतात. विषय नाही, फळा नाही, जोड्या लावून नुसत्या गप्पा. माझ्या जोडीला दर वेळी एक गंगापूर रोडच्या काकू येत. मुलगा टोरांटोत, सून तिकडचीच, नातीशी बोलता यावं म्हणून त्या साठीच्या उंबरठ्यावर शिकायला आलेल्या. त्यांचं इंग्रजी असं : ‘डेली माय सन कॉल्स. आय आस्क, व्हॉट यू एट? ही सेज, एव्हरीथिंग. लायर!’ व्याकरणाच्या नावानं शंख, पण बाई थांबत नाहीत. मी मनातल्या मनात वाक्य जुळवून, तपासून, इस्त्री करून मग तोंडातून काढायची, तोवर काकूंची तीन वाक्यं होऊन जात. एकदा म्हणाल्या, ‘अगं, तू काय इंजेक्शन भरतेयस का? बोल की पटकन.’

त्याच काकूंना एका शनिवारी मी नाशिकची मिसळ इंग्रजीत समजावली, म्हणजे त्या टोरांटोची सून झाल्या आणि मी त्यांना जेवायला नेलं असं नाटक. मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वरून शेव, सोबत पापड, दही, पाव. ‘तर्री’ला काय म्हणायचं यावर शेजारच्या जोडीतला अंबडच्या कंपनीतला सीएनसी ऑपरेटर मध्ये पडला, ‘रेड ऑइल म्हणू नका सिस्टर, आमच्याकडे मशीनला टाकतात ते.’ शेवटी ‘द स्पायसी लेयर ऑन टॉप’वर तडजोड झाली. रेकॉर्डिंग ऐकलं तर साडेतीन मिनिटं झाली होती आणि ‘ॲक्च्युअली’ फक्त दोनदा.

उरलेल्या दिवशी मी हेच आमच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरबरोबर केलं. तिचं मराठी यथातथा, माझं मल्याळम शून्य, त्यामुळे टपरीवर दोघींत इंग्रजीला पर्यायच नव्हता. याचं श्रेय क्लासला द्यायचं का? अर्धं देते. कल्पना मॅडमची, चहाचे पैसे आमचे.

दुसरी परीक्षा. बोलण्याची चाचणी अकरा ते चौदा मिनिटांची असते, एका परीक्षकासमोर. आधी ओळखीचे साधे प्रश्न, मग कार्डावरचा विषय : एक मिनिट विचाराला, दोन मिनिटांपर्यंत बोलायला. शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं माझं काहीतरी चुकलं, आणि पुढचं सगळं ढेपाळलं. क्लासमध्ये मॅडम मुद्दाम हात वर करून तोडायच्या, त्याचा इथे उपयोग झाला. गप्पांचा प्रश्न आलाच नाही. आरशात किती वेळा बघता, असं विचारलं. मी म्हटलं, ड्युटीवर वेळ नसतो, लिफ्टच्या स्टीलच्या दारात बघते, त्यात सगळेच जाड दिसतात. परीक्षक बाई हसल्या की नाही ते सांगता येत नाही, पण बँड ७ आला. लिहिण्यात अजून ६ आहे, त्यासाठी पुन्हा बसायचंय. लिहिण्याची बॅच सर घेतात. त्यांचीही फाइल आहे.

लावणार असाल तर हे बघा. शिफ्टवाल्यांचं इथे हाल आहे. दुपारपाळी असली की साडेसहाची बॅच बुडते, आणि बुडलेला तास भरून देतो असं सांगतात पण देत नाहीत. मी आठ आठवड्यांत सात तास गमावले. पैसे भरायच्या आधी हे लिहून घ्या. गाडी घेऊन येऊ नका. त्रिमूर्ती चौकातून मायको सर्कलपर्यंत येण्यात जेवढा वेळ जातो, तेवढाच कॉलेज रोडवर स्कूटी टेकवायला जागा शोधण्यात, आणि एकदा तर टोइंगवाल्यांनी उचलून नेली. खालच्या चष्म्याच्या दुकानदाराला विचारून त्याच्या पायरीजवळ लावता येते, फक्त शटर पडायच्या आत काढावी लागते. फाइल नको म्हणून स्पष्ट सांगा, सक्ती नाही, हे मला सहाव्या आठवड्यात कळलं. माझी कोरी आहे, कोणाला हवी असेल तर ३०० ला देईन.