वॉटर सायकल किट: डबा पास, पर्जन्यमापक नापास

लेक चौथीत आहे. परिसर अभ्यासात जलचक्र आलं आणि घरात दोन दिवस बाष्पीभवन-सांद्रीभवन-बाष्पीभवन असा पाढा चालू, अर्थ विचारला तर म्हणे "ते बाण वर जातात ना, ते". म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं, ६४९ रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, असले पाच-सहा सारखेच डबे वेगवेगळ्या नावाने विकायला आहेत.

आत काय येतं तर एक पारदर्शक डबा, त्यात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्राची खोलगट जागा, झाकणावर बर्फ ठेवायला ढगाच्या आकाराचा खड्डा, निळ्या रंगाची पुडी (कशाची ते कुठेही लिहिलेलं नाही, मी ती सरळ फेकली) आणि वेगळा एक पर्जन्यमापक. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, त्यात लिहिलंय की डबा दोन तास उन्हात ठेवा. अहो जूनमध्ये पुण्यात ऊन आणू कुठून? दोन तासांत झाकण जरासं धुरकट झालं आणि पोरीने तेवढ्यात तीनदा मोबाईल मागितला.

मग मी चहाच्या पातेल्यात पाणी गरम केलं (उकळतं घालू नका, आमच्या डोंगराचं टोक वाकलंय), बोटभर ओतलं, वर सात-आठ बर्फाचे खडे. पाच मिनिटांत झाकणाला आतून घाम फुटला, बारीक थेंब एकमेकांत मिसळून जाड व्हायला लागले, लेक नाक लावून बसलेली, आणि एक थेंब टपकन डोंगरावर. "आई पडला!" एवढ्यासाठी पैसे वसूल म्हणायला हरकत नाही. दुसऱ्यांदा समुद्रात दोन चमचे मीठ घातलं. डोंगरावर साठलेलं पाणी तिने बोटाने चाटून बघितलं आणि म्हणाली "हे तर गोडं पाणी आहे, मीठ कुठे गेलं?" मीठ खालीच राहिलं. मामाकडे मुलुंडला जाताना मिठागरं दाखवली होती, ती आता तिच्या डोक्यात बसली.

पण या डब्यात वाराच नाही हो! जिथे बर्फ तिथे पाऊस, डोंगर नुसता शोभेला. आपल्याकडे तर सगळा खेळ डोंगराचा आहे, अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, वर थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि इकडे पुण्यात सातशे-साडेसातशे. हे मला शेवटी उशी आणि पाण्याच्या स्प्रेने दाखवावं लागलं, उशीची एक बाजू भिजली, दुसरी कोरडी (उशी नवऱ्याची होती). क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एकत्र पडतं ते तिने बघितलंय, त्यातली सावित्री महाडवरून अरबी समुद्राला जाते आणि कृष्णा उलटी पूर्वेला, चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला, हे सांगितल्यावर तिचा प्रश्न, "मग ते पाणी आपल्याकडे परत कसं येणार?" किटमध्ये याचं उत्तर नाही, माझ्याकडेही लगेच नव्हतं.

आता खरी तक्रार. पर्जन्यमापकाचं नरसाळं वरून ८ सेंटिमीटर रुंद, खालची नळी ४ सेंटिमीटर, आणि नळीवर साधी फूटपट्टी छापलेली. म्हणजे चौपट जागेचं पाणी एका बारीक नळीत गोळा करायचं आणि त्यालाच पाऊस म्हणायचं. एका रात्री यात ६० मिलिमीटर दिसले, शेजारी गच्चीवर ठेवलेल्या सरळ उभ्या स्टीलच्या डब्यात पट्टी घालून मोजलं तर १५. नरसाळं मोठं असणं चूक नाही पण मग खुणा त्या हिशेबाने नकोत का? विक्रेत्याला फोटो पाठवला तर "क्षमस्व, परत करायची मुदत संपली". मुलं तीच खोटी खूण शाळेत सांगणार ना.

५ पैकी ३ स्टार, तेही डब्यासाठी. घरी काचेचा खोल बाऊल आणि वर ठेवायला ताटली असेल तर तोच प्रयोग फुकटात होतो. पर्जन्यमापकासाठी तर सपाट बुडाचा डबा आणि पट्टी बास.

आम्ही आता रोज सकाळी स्टीलचाच डबा मोजतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, त्यामुळे आमच्या ४० चौरस मीटर गच्चीवर त्या रात्री ६०० लिटर पडलं, म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपं, हा हिशेब लेकीने स्वतः केला आणि तेव्हापासून ती गच्चीच्या पाइपकडे संशयाने बघते. आकडे कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. परवा नवऱ्याने विचारलं, मंगळवारी १५ लिटर दूध कशाला घेतलं होतं?