सीपॅपचे दहा महिने : मास्कमधून निसटणारी हवा आणि न सोसणारा दाब

मी नाशिकमध्ये राहणारी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेली विज्ञान शिक्षिका आहे आणि गेल्या जुलैपासून रोज रात्री ऑटो सीपॅप यंत्र (झोपेत श्वासमार्ग मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे आणि तो दाब गरजेनुसार आपोआप बदलणारे यंत्र) लावून झोपते. त्याआधीची तीन-चार वर्षे सकाळी डोके जड असणे, पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येणे आणि दुपारी वाचता वाचता डोळे मिटणे या साऱ्याचे खापर मी रजोनिवृत्तीवर फोडत होते. मी घोरते हे यजमानांनी अनेकदा सांगितले होते, परंतु बाईच्या घोरण्याकडे आजाराचे लक्षण म्हणून पाहण्याची आपल्या घरांत रीत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराचे, प्रमाण वाढते, हे मला तपासणी झाल्यावर कळले. माझा एएचआय ३६ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३६ वेळा माझा श्वास किमान दहा सेकंद थांबत होता किंवा उथळ होत होता. ३० च्या पुढचा आकडा तीव्र समजला जातो.

यंत्र घरी आले तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने मला खुर्चीत बसवले, नाक व तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क चढवला, पट्टे ओढून घट्ट केले आणि पाच मिनिटांत तो निघून गेला. पहिल्या तीन आठवड्यांचे हाल सांगायचे तर या पाच मिनिटांपासूनच सुरुवात करावी लागेल. आडवे झाले की गाल मागे सरकतात, चेहऱ्याचा आकार बदलतो आणि बसून बेतलेला मास्क नाकाच्या कडेने सुटतो. तेथून निघणारी हवा थेट डोळ्यांत जाई व सकाळी डोळे लाल आणि कोरडे असत. मी दररोज पट्टे आणखी एक घर आवळत गेले. नाकाच्या दांडीवर व्रण पडला आणि तरीही गळती वाढतच राहिली. त्यात पोटात हवा जाऊन फुगारा येई, ढेकरा येत, आणि पहाटेपर्यंत मी मास्क काढून ठेवलेला असे.

गळती आणि दाबाचा त्रास या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असे मी तेव्हा धरून चालले होते. त्या एकाच दोराच्या दोन टोकांसारख्या आहेत, हे लक्षात यायला मला वही-पेन्सिल घेऊन बसावे लागले. सीपॅपचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. १० सेंटिमीटर म्हणजे बादलीत साधारण अर्धी वीत पाणी असताना तळावर पडणारा दाब, वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. हा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅम भार टाकतो. मी मास्कची कड आलेख कागदावर गिरवून चौकोन मोजले, तेव्हा मोठ्या मास्कखालचे क्षेत्र सुमारे ६० चौरस सेंटिमीटर भरले. म्हणजे १० च्या दाबाला मास्क चेहऱ्यापासून ६०० ग्रॅमच्या जोराने दूर ढकलला जातो, आणि माझे यंत्र त्या दिवसांत रात्री १७ पर्यंत चढत होते, तेव्हा हाच जोर एक किलोपर्यंत जात होता. दाब वाढला की गळती वाढणार आणि ती रोखायला पट्टे आवळावे लागणार. आवळण्याने मात्र काम बिघडते, कारण मास्कच्या कडेला सिलिकॉनचा जो पातळ आतला पदर असतो, तो हवेने फुगून त्वचेवर टेकला तरच हवा अडवतो, आणि पट्टे करकचून ओढले की तो चिरडला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात.

म्हणून आता मी मास्क नेहमी आडवे होऊन आणि यंत्र चालू करूनच बसवते. पट्टे आधी सैल सोडते, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पदर फुगू देते, मग अलगद टेकवते आणि हवा जेथे लागते तेथेच, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढते. यासाठी मास्कवरची बारीक छिद्रे ओळखता आली पाहिजेत, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असतात आणि त्यांतून येणारी हवा ही गळती नव्हे. ती छिद्रे कधीही बुजवू नयेत.

स्त्रियांच्या अडचणी कोणत्याही माहितीपत्रकात मला सापडल्या नाहीत, म्हणून त्या येथे सविस्तर लिहिते. झोपताना घातलेला अंबाडा मागच्या पट्ट्याला वर ढकलत असे. आता मी केसांची सैल वेणी घालून ती पुढे खांद्यावर घेते. रात्री केसांना खोबरेल तेल चोळण्याची लहानपणापासूनची सवय मी सकाळवर नेली, कारण तेलकट केसांवरून पट्टे सरकत होते. थंडीत चेहऱ्याला लावलेल्या कोल्ड क्रीममुळे सिलिकॉन घसरत होते, तेव्हा क्रीम संध्याकाळीच लावून झोपण्यापूर्वी चेहरा सौम्य साबणाने धुऊ लागले. पुढे नाकाचा छोटा मास्क घेतल्यावर डाव्या बाजूची गळती काही केल्या थांबेना, तेव्हा तिचे कारण नाकातली चमकी निघाली. लग्नापासून न काढलेली चमकी रोज रात्री काढणे मनाला जड गेले, हे मी लपवत नाही. आता ती उशाजवळच्या कुंकवाच्या डबीत असते आणि सकाळी मास्क धुऊन झाल्यावर मी ती पुन्हा घालते.

छोट्या मास्ककडे वळण्याचा निर्णय मी स्वतः घेतला नाही. माझे तोंड रात्री उघडे राहते म्हणून मोठा मास्क दिला होता, पण तोंड उघडे राहण्याचे मूळ कारण पावसाळ्यात चोंदणारे नाक हे होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ॲलर्जीसाठी फवारा दिला, मी मिठाच्या पाण्याने नाक धुऊ लागले आणि सहा आठवड्यांनी नाकाने श्वास घेणे जमू लागले. मोठ्या मास्कचे पट्टे खालचा जबडा मागे रेटतात व त्यामुळे काहींना अधिक दाब लागतो, असेही डॉक्टरांनी समजावले. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीहून १९८१ साली या उपचाराविषयी पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनीही हवा नाकावाटेच दिली होती. माझ्या छोट्या मास्कखालचे क्षेत्र २० चौरस सेंटिमीटर आहे. १० च्या दाबाला तो २०० ग्रॅमनेच ढकलला जातो आणि सैल पट्ट्यांवरही टिकतो. ओठांना चिकटपट्टी लावण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला, पण चोंदणाऱ्या नाकाच्या माणसाने डॉक्टरांना न विचारता तसे करणे मला धोक्याचे वाटते.

दाबाचा प्रश्न त्यानंतर हाती घेतला. यंत्रातील दाबाची मर्यादा ४ ते २० अशी पूर्ण मोकळी ठेवलेली होती. सुरुवातीच्या ४ ला मला हवा अपुरी पडून गुदमरल्यासारखे वाटे, तर मध्यरात्रीनंतर दाब १७ पर्यंत जाऊन पोट फुगे. मेमरी कार्डावरील आलेख डॉक्टरांसोबत पाहिला, तेव्हा दाबाची उंच शिखरे बहुतेक मोठ्या गळतीच्या वेळीच आलेली दिसली. मास्क बदलल्यावरच्या दोन आठवड्यांत ९५ टक्के वेळ दाब १०.४ च्या आत राहिला, आणि त्यावरून डॉक्टरांनी दाबाची मर्यादा ७ ते १२ अशी केली. ७ पासून सुरुवात झाल्याबरोबर गुदमरणे थांबले. उच्छ्वासाच्या वेळी दाब कमी करणारी सोय ३ वर ठेवली असता माझा एएचआय थोडा वाढला, म्हणून ती २ वर आणली. पोटातील हवेसाठी रात्रीचे जेवण आठच्या आत घेणे, डोक्याकडची बाजू थोडी उंच करणे आणि कुशीवर झोपणे यांचा उपयोग झाला. उताणी झोपले की माझा दाब आजही दोन-अडीच सेंटिमीटरने चढतो. हे आकडे माझे आहेत. यंत्रातील दाबाची मर्यादा डॉक्टरांना न विचारता कोणीही बदलू नये.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत एक नवीनच अडचण आली. ह्युमिडिफायरमधून, म्हणजे हवा दमट करणाऱ्या यंत्राच्या पाण्याच्या टाकीतून, निघालेली उबदार, दमट हवा थंड नळीत निवून पाणी साचे, नळीत गुडगुड आवाज येई आणि पहाटे नाकावर थेंब पडत. मी जुन्या शालीची खोळ शिवून नळीवर चढवली, यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवले आणि ओलावा एका घराने कमी केला. नळी डोक्यामागे खुंटीला सैल टांगल्यामुळे कूस बदलताना मास्क ओढला जात नाही. टाकीत मी औषधांच्या दुकानातून आणलेले डिस्टिल्ड पाणी वापरते. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर यंत्र चालते, त्या वेळी ह्युमिडिफायर बंद ठेवते, कारण सर्वांत जास्त वीज तोच खातो.

सध्या माझा एएचआय २ च्या आसपास असतो आणि सकाळची डोकेदुखी गेली आहे. गळतीच्या आकड्याबाबत एक सूचना करते : माझे यंत्र छिद्रांतून जाणारी हवा वजा करून उरलेली गळती दाखवते आणि त्यात मिनिटाला २४ लिटर ही मर्यादा मानलेली आहे. काही कंपन्यांची यंत्रे एकूण हवा दाखवतात, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा दिसला तरी तो दोष नसतो, आणि दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये. पहिल्या महिन्यात माझी गळती ३८ होती. छोट्या मास्कने ती ७ वर आली, पण मार्चमध्ये काही न बदलता १९ झाली. उजेडात धरून पाहिले, तेव्हा सिलिकॉनचा आतला पदर पिवळट, ढिला आणि एका जागी विरलेला दिसला. संपूर्ण मास्क न घेता फक्त ती सिलिकॉनची कड, म्हणजे गादी, बदलली आणि त्याच रात्री आकडा ६ झाला. सुट्या गाद्या आमच्या भागात सहज मिळत नाहीत व मागवल्यावर यायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आता एक जास्तीची आणून ठेवली आहे आणि तिच्या वेष्टनावर पुढच्या बदलाचा महिना लिहिला आहे.